न्युमोनियाचा जंतु आणि घरांतील घड्याळ

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले कीं नागपुरांतील हवा एकाएकीं पालटते. दिवसां ऊन कोंवळें लागतें, परंतु दिवेलागण होतांच गारठा अंगाला झोंबूं लागतो. बाजारांत संत्र्यांचे ढीग पडतात, विधिमंडळाच्या अधिवेशनाची गजबज सुरू होते, आणि महालापासून धरमपेठेपर्यंत घरोघरीं कोणीतरी शिंकत आणि खोकत असतें. अशाच एखाद्या घरांत वर्ष-सव्वा वर्षाचें मूल दोन दिवस सर्दीनें किरकिरत असतें. आजी म्हणतात, "संत्रें चारलें म्हणून छाती भरली." आई म्हणते, "खिडकी उघडी राहिली, वारा लागला." वडील म्हणतात, "आज शनिवार. आतां सोमवारींच दवाखान्यांत नेऊं." त्या रात्रीं मुलाचें अंग तव्यासारखें तापतें, दूध ओढवत नाहीं, आणि अंगावरचें पांघरूण दूर करून पाहिलें तर बरगड्यांखालचा भाग प्रत्येक श्वासागणिक आंत ओढला जातांना दिसतो. जुन्या बायका याला 'पोट उडणें' म्हणतात, कोणी 'डबा' म्हणतात. डॉक्टर त्याला न्युमोनिया म्हणतात.

घरांतल्या या तीन वाक्यांपैकीं पहिलें चुकीचें आहे, दुसरें अर्धवट खरें आहे, आणि तिसरें प्राणावर बेतणारें आहे. संत्र्यानें न्युमोनिया होत नाहीं. नुसत्या गार वाऱ्यानेंहि तो होत नाहीं. परंतु थंडींत दारें-खिडक्या लावून माणसें एकत्र बसतात, एकाची सर्दी दुसऱ्याला लागते आणि त्या सर्दीच्या पाठोपाठ न्युमोनियाला वाट मिळते, एवढ्यापुरता वाऱ्यावरचा आरोप खरा. सोमवारची गोष्ट मात्र निराळी आहे. या रोगावर औषध आहे, तें महाग नाहीं, आणि नागपुरासारख्या शहरांत तें दुर्मिळहि नाहीं. परत मिळत नाहींत ते हातचे गेलेले तास. म्हणून हा रोग कोण आणतो, तो आंत शिरून काय करतो, आणि तो आला हें घरच्या माणसांनीं कसें ओळखावें, हें प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असणें अगत्याचें आहे.

न्युमोनिया म्हणजे फुप्फुसाचा दाह. तो विषाणूंमुळें होतो, जंतूंमुळें होतो, क्वचित् बुरशीमुळेंहि होतो. परंतु घरांत, शाळेंत किंवा बाजारांत वावरणाऱ्या माणसाला जो जंतुजन्य न्युमोनिया होतो, त्याच्या कारणांत एका जंतूचें नांव जगभर अग्रभागीं घेतलें जातें. त्याचें शास्त्रीय नांव स्ट्रेप्टोकोकस न्युमोनिई असें असून व्यवहारांत त्याला न्युमोकोकस म्हणतात. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील एका भागाएवढा त्याचा आकार. सूक्ष्मदर्शकाखालीं तो बहुधा जोडीनें दिसतो. जवाचे दोन दाणे बुडाला बूड लावून आणि टोकें बाहेर ठेवून मांडावेत, तशी ती जोडी दिसते.

या जंतूचा शोध १८८१ सालीं दोन ठिकाणीं, दोघां शास्त्रज्ञांना, एकमेकांच्या नकळत लागला. फ्रान्समध्यें लुई पाश्चर यांनीं पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषानें मरण पावलेल्या एका मुलाची लाळ सशाला टोंचली आणि सशाच्या रक्तांत हे जोडदाणे आढळले. अमेरिकेंत जॉर्ज स्टर्नबर्ग या लष्करी डॉक्टरांनीं लाळ टोंचली ती स्वतःची, आणि तरीहि ससा मेला. येथें विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं स्टर्नबर्ग त्या वेळीं चांगले धडधाकट होते. ज्या जंतूनें सशाचा प्राण घेतला तो त्यांच्याच तोंडांत बिनबोभाट नांदत होता. पुढें १८८६ च्या सुमारास जर्मनीतील आल्बर्ट फ्रेंकेल यांनीं या जंतूचा आणि न्युमोनियाचा संबंध स्पष्ट केला. परंतु या जंतूचा खरा स्वभाव स्टर्नबर्ग यांच्या त्या एका प्रयोगांतच उघड झाला होता.

तो स्वभाव असा. न्युमोकोकस हा दरोडेखोरासारखा बाहेरून एकदम चाल करून येत नाहीं. तो आधीं भाडेकरू म्हणून राहतो. नाकाच्या मागच्या भागांत आणि घशाच्या वरच्या पोकळींत त्याची वस्ती असते. मोठ्या माणसांपेक्षां लहान मुलांत ती फार अधिक आढळते, आणि दाटीच्या घरांत तर मूल कांहीं महिन्यांचें होतें न होतें तोंच हा भाडेकरू बिऱ्हाड करतो. शिंकेच्या तुषारांतून, लाळेतून, एकाच रुमालानें चार मुलांचीं नाकें पुसण्यांतून तो एका घरट्यांतून दुसऱ्या घरट्यांत जातो. बहुतेकांना त्याचा कांहीं उपद्रव होत नाहीं. आठवडे-दोन आठवडे, कधीं महिना-दोन महिने राहून तो निघून जातो आणि त्याची जागा त्याच्याच जातीचा दुसरा घेतो.

मग हा भाडेकरू उलटतो केव्हां? आपल्या श्वासनलिकेच्या आंतल्या अस्तरावर बारीक केसांसारखे तंतु असतात. ते एकसारखे वरच्या दिशेला हलत असतात आणि आंत आलेली धूळ व जंतु चिकट स्रावासह घशाकडे लोटून देतात. सर्दीच्या किंवा इन्फ्लुएंझाच्या विषाणूनें हें अस्तर जागोजाग खरवडलें गेलें म्हणजे ही झाडलोट थांबते. तान्ह्या मुलाची प्रतिकारशक्ति अजून कच्ची असते, वृद्धाची ओसरलेली असते, आणि चुलीचा किंवा विडी-सिगारेटचा धूर नित्य घेणाऱ्याचे तंतु आधींच दुबळे झालेले असतात. अशा वेळीं नाकांतला जंतु श्वासाबरोबर खोल उतरतो.

फुप्फुसांत कोट्यवधि सूक्ष्म वायुकोश असतात. त्यांच्या पातळ भिंतींतून प्राणवायु रक्तांत जातो आणि दूषित वायु बाहेर पडतो. न्युमोकोकस तेथें पोंचला कीं शरीर त्याच्यावर तुटून पडतें. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो, पांढऱ्या पेशी धांवून येतात, आणि ज्या कोशांत हवा असावयाची ते द्रवानें आणि पुवानें भरून जातात. शवविच्छेदन करणाऱ्या जुन्या डॉक्टरांनीं अशा फुप्फुसाला यकृताची उपमा दिली होती, इतका तो स्पंजासारखा अवयव घट्ट आणि जड होतो. मोठ्या माणसाला हुडहुडी भरून ताप चढतो, श्वास घेतांना कुशींत सुरी खुपसल्यासारखी कळ येते, आणि थुंकी लोखंडाच्या गंजाच्या रंगाची पडते. लहान मूल यांतलें कांहींच सांगूं शकत नाहीं. तें फक्त भराभर श्वास घेतें. उरलेल्या थोड्या कोशांवर सगळ्या देहाचें काम चालवावयाचें असल्यामुळें त्याला दुसरा उपायच नसतो. हें भराभर श्वास घेणें हीच त्याची बोली, आणि ती ऐकूं येण्यासाठीं मोजावी लागते. जंतु फुप्फुसांतच थांबतो असेंहि नाहीं. कानांत गेला तर कान फुटतो. रक्तांत मिसळला तर सारें शरीर विषारतें. मेंदूच्या आवरणापर्यंत पोंचला तर मेंदूज्वर होतो, आणि त्यांतून वांचलेल्या कित्येक मुलांना बहिरेपण जन्मभर पुरतें.

या जंतूचें बळ त्याच्या कवचांत आहे. त्याच्याभोंवतीं साखरेच्या जातीच्या पदार्थाचें एक बुळबुळीत वेष्टण असतें. त्यामुळें रक्तांतील भक्षक पेशींच्या हातून तो, साबण लावलेल्या माशासारखा, निसटतो. या कवचांच्या घडणींत भेद आहेत आणि त्यांवरून न्युमोकोकसच्या शंभराहून अधिक जाती आजवर ओळखल्या गेल्या आहेत. एका जातीशीं लढून आलेलें शरीर दुसऱ्या जातीला ओळखतेंच असें नाहीं. एकाच माणसाला दोनदां, तीनदां न्युमोनिया होऊं शकतो याचें हें एक कारण आहे.

याच कवचाचा अभ्यास करतांना विसाव्या शतकांतील एक मोठें रहस्य उलगडलें. १९२८ सालीं इंग्लंडमध्यें फ्रेडरिक ग्रिफिथ यांनीं उंदरांवर प्रयोग केले. कवच नसलेले जिवंत जंतु टोंचले तर उंदीर जगत. कवच असलेले, पण उष्णतेनें मारलेले जंतु टोंचले तरी उंदीर जगत. परंतु हे दोन्ही एकत्र टोंचले तेव्हां उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तांत कवचधारी जिवंत जंतु सांपडले. मेलेल्यानें आपला वारसा जिवंताला दिला होता. हा वारसा कोणत्या पदार्थानें दिला याचा छडा न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत ऑस्वाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लाउड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनीं लावला आणि तो पदार्थ डीएनए होय असें १९४४ सालीं जाहीर केलें. आनुवंशिकतेच्या साऱ्या आधुनिक शास्त्राचा पाया अशा रीतीनें न्युमोनियाच्या जंतूवर रचला गेला. परंतु रोग्याच्या दृष्टीनें यांतील बोध वेगळाच आहे. जो जंतु शेजाऱ्यापासून कवच उसनें घेऊं शकतो, तो औषधाला दाद न देण्याची युक्तीहि उसनी घेऊं शकतो. हा बोध किती खरा ठरला तें पुढें येईलच.

औषधें नव्हतीं तेव्हां हा जंतु काय करूं शकत होता याची आठवण नागपूरच्या इतिहासांत आहे. १९१८ च्या शरद ऋतूंत इन्फ्लुएंझाची महासाथ देशभर पसरली. मराठी मुलुखांत लोकांनीं तिला 'मानमोडी' असें नांव दिलें. नागपूर ही त्या वेळीं मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी आणि रेल्वेचें मोठें जंक्शन. आणि हिंदुस्थानांतील ज्या प्रांतांना त्या साथीची अत्यंत कडक झळ बसली त्यांत या प्रांताची गणना होते. देशांत एक कोटीहून अधिक माणसें त्या साथींत गेलीं. त्या वेळीं लोकांना वाटलें कीं हा सर्व संहार एका तापाचा आहे. पुढें २००८ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं त्या साथींत मेलेल्या सैनिकांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले अंश तपासले, आणि जुने वैद्यकीय अहवालहि चाळले. तेव्हां असें दिसून आलें कीं बहुतेक मृत्यु विषाणूनें वाट मोकळी केल्यावर मागून आलेल्या जंतुजन्य न्युमोनियाचे होते, आणि त्या जंतूंत न्युमोकोकसचा वांटा मोठा होता. दार मानमोडीनें फोडलें; आंत शिरून घर लुटलें तें घरांतल्याच भाडेकरूनें.

त्या पिढीच्या डॉक्टरांपाशीं शुश्रूषेपलीकडे फारसें कांहीं नव्हतें. ताप सातव्या ते नवव्या दिवशीं एकाएकीं घाम येऊन उतरला तर रोगी वांचला, नाहीं तर गेला. त्या दिवसाची वाट पाहत घरचीं माणसें उशाशीं बसून राहत. १९३८ सालीं इंग्लंडमध्यें सल्फापिरिडीन हें औषध निघालें, आणि त्यामागोमाग पेनिसिलिन आलें. ज्या रोगानें तरणेताठे पुरुष आठवड्यांत उचलले जात, तो कांहीं गोळ्यांनीं आणि सुयांनीं आटोक्यांत येऊं लागला. आतां न्युमोनियाचें भय संपलें असें साऱ्यांना वाटूं लागलें.

तथापि एक अमेरिकन डॉक्टर या मताचे नव्हते. रॉबर्ट ऑस्ट्रियन आणि त्यांचे सहकारी जेरोम गोल्ड यांनीं न्युमोकोकस रक्तांत शिरलेल्या रोग्यांचीं अनेक वर्षांचीं टिपणें ताडून पाहिलीं आणि १९६४ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. पेनिसिलिननें पुष्कळ रोगी वांचतात हें खरें. परंतु आजाराच्या पहिल्या पांच दिवसांत जे मरतात, त्यांची संख्या औषधानें जवळजवळ कमी होत नाहीं. जंतु मारतां येतो. त्यानें एव्हांना केलेली हानि उलटवतां येत नाहीं. सोमवारपर्यंत थांबूं म्हणणाऱ्या वडिलांना द्यावयाचें उत्तर या एका निष्कर्षांत आहे.

आणि औषधाचें सामर्थ्यहि पूर्वीसारखें राहिलें नाहीं. १९६७ सालीं ऑस्ट्रेलियांत पेनिसिलिनला सहजासहजीं न जुमानणारा न्युमोकोकस एका रोग्यांत सांपडला. १९७७ सालीं दक्षिण आफ्रिकेंत तर एकाच वेळीं अनेक औषधांना दाद न देणारे जंतु निघाले. ग्रिफिथ यांच्या उंदरांनीं दिलेला इशारा असा खरा ठरला. यांत घरोघरच्या संवयींचा वांटा लहान नाहीं. साध्या सर्दीला, जी विषाणूची असते, कपाटांतलीं उरलेलीं जंतुनाशक औषधें देणें. ताप उतरतांच तिसऱ्या दिवशीं औषध बंद करून राहिलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठीं जपून ठेवणें. शेजारच्या मुलाला लागू पडलेलें औषध आपल्या मुलाला पाजणें. या गोष्टी काटकसर म्हणून किंवा प्रेमापोटीं केल्या जातात. परंतु नाकांत बसलेल्या भाडेकरूला त्या तालीम देतात. पुढें तोच छातींत उतरला म्हणजे नेहमीचें औषध त्याच्यावर चालत नाहीं.

येथें कोणी विचारील कीं न्युमोनिया लवकर ओळखावा हें खरें, पण तें डॉक्टरांचें काम; घरच्या माणसांनीं, त्यांतून अशिक्षित माणसांनीं, तें कसें करावें? याचें उत्तर नागपुरापासून पावणेदोनशें किलोमीटरांच्या आंत-बाहेर असलेल्या गडचिरोलीनें सगळ्या जगाला दिलें आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दोघांचें वैद्यकीय शिक्षण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत झालें. पुढें अमेरिकेंत शिक्षण घेऊन हें दांपत्य १९८६ सालीं गडचिरोलीस आलें आणि 'सर्च' या संस्थेच्या वतीनें त्यांनीं खेड्यांतील बालमृत्यूंचा अभ्यास आरंभला. तेथें लहान मुलांच्या मृत्यूंचें एक अतिशय मोठें कारण न्युमोनिया हें होतें, दवाखाना लांब होता, आणि डॉक्टर येईपर्यंत मूल हातचें जात होतें. तेव्हां त्यांनीं असें ठरविलें कीं मूल डॉक्टरकडे पोंचत नसेल तर ओळखण्याची विद्या मुलापर्यंत पोंचवावी.

गांवांतील आरोग्यसेवक आणि सुइणी यांना त्यांनीं शिकविलें तें एवढेंच: खोकला असलेल्या मुलाचे एका मिनिटांतील श्वास मोजा, श्वास भराभर चालत असेल तर हें औषध इतक्या प्रमाणांत द्या, आणि मूल अधिक अत्यवस्थ दिसलें तर रुग्णालयांत पाठवा. परंतु सुइणींपैकीं कित्येकींना पन्नास-साठपर्यंत मोजतां येत नव्हतें. त्यावर जी युक्ति निघाली ती कोणाहि मोठ्या प्रयोगशाळेला भूषणावह होईल. एका लहानशा चौकटींत एक मिनिटाचें वाळूचें घड्याळ बसविलें आणि शेजारीं तारेवर मणी ओंवले, कांहीं हिरवे आणि शेवटचा तांबडा. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं तांबडा मणी सरकला तर न्युमोनिया समजावयाचा. दोन महिन्यांच्या आंतील बाळासाठीं मण्यांची एक ओळ, त्याहून मोठ्यासाठीं दुसरी. अक्षरओळख नसलेली बाई या साधनानें जें निदान करी, त्याच्या आधारें औषध वेळेवर पडूं लागलें.

हा प्रयोग १०२ खेड्यांत झाला. ५८ गांवांत ही व्यवस्था केली आणि ४४ गांवें तुलनेसाठीं ठेविलीं. त्याचे निष्कर्ष १९९० सालीं 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या विख्यात वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. या रीतीनें न्युमोनियाच्या ६१२ प्रसंगीं उपचार झाले आणि त्यांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ०.८ भरलें, तुलनेच्या गांवांत तें शेंकडा १३.५ होतें. वर्षभरांत पांच वर्षांखालील दर हजार मुलांमागें न्युमोनियाचे मृत्यु व्यवस्थेच्या गांवांत ८.१ आणि इतर गांवांत १७.५ असे झाले. औषध त्या काळचें साधें को-ट्रायमोक्साझोल होतें. आतां जागतिक आरोग्य संघटना त्याऐवजीं तोंडावाटे घ्यावयाच्या अमॉक्सिसिलिनची शिफारस करते. पण औषध बदललें तरी रीत तीच राहिली आहे. ज्या मण्यांनीं गडचिरोलीचीं मुलें वांचविलीं, त्यांच्या जागीं नागपूरच्या घरांत भिंतीवर सेकंदकांट्याचें घड्याळ असतें. उणीव असते ती मोजणाऱ्याची.

तेव्हां ती रीत येथें नीट सांगणें योग्य होईल. मूल शांत किंवा निजलेलें असावें. रडत किंवा दूध पीत असतांना मोजूं नये. अंगावरील कपडा वर करावा आणि पोट व छाती यांवर नजर ठेवावी. एकदां वर होऊन खालीं गेली म्हणजे एक श्वास. पुरतें एक मिनिट मोजावें. पंधरा सेकंद मोजून चौपट करूं नये, कारण लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाहीं. दोन महिन्यांच्या आंतील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक भरले, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा अधिक भरले, एक ते पांच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर तो श्वास जलद समजावा आणि त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. दोन महिन्यांच्या आंतील बाळाच्या बाबतींत तर घटकाभरहि विलंब करूं नये. श्वासागणिक बरगड्यांखालचा भाग आंत ओढला जात असेल, मूल दूध-पाणी घेईनासें झालें असेल, गुंगींत असेल, त्याला झटके आले असतील, किंवा ओंठ निळसर दिसत असतील, तर रात्र आहे कीं सुट्टी आहे याचा विचार न करतां थेट रुग्णालयाची वाट धरावी.

रुग्णालयाच्या नांवानें पुष्कळ घरांत धास्ती बसते आणि तीहि विलंबाचें एक कारण होते. याबाबत नागपुरांतूनच झालेलें एक काम धीर देणारें आहे. डॉ. अर्चना पटेल आणि त्यांचे सहकारी यांनीं देशांतील सहा रुग्णालयांच्या साहाय्यानें तीन महिने ते पांच वर्षें वयाच्या, छाती आंत ओढली जात असलेल्या न्युमोनियाच्या मुलांचा अभ्यास केला. कांहीं मुलांना दोन दिवस रुग्णालयांत ठेवून मग घरीं पाठविलें. कांहींना तपासणीनंतर लगेच अमॉक्सिसिलिन देऊन घरीं पाठविलें आणि त्यांच्यावर लक्ष ठेविलें. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाप्रमाणें घरीं राहून औषध घेणाऱ्या मुलांना रुग्णालयांत राहिलेल्यांपेक्षां कमी गुण आला नाहीं. वेळेवर दाखविलेलें मूल कित्येकदां औषधाची बाटली घेऊन संध्याकाळीं घरीं परततें. मुक्काम पडतो तो बहुधा उशिरां आणलेल्याला.

रोग ओळखण्यापेक्षां तो येऊंच न देणें केव्हांहि बरें, आणि त्या दिशेनेंहि आतां मोठी मजल मारली गेली आहे. न्युमोकोकसच्या कवचांतील साखर टोंचली तर मोठ्यांचें शरीर तिला ओळखूं शकतें. दोन वर्षांच्या आंतील मुलाचें शरीर तिला नीट ओळखत नाहीं. म्हणून ती साखर एका प्रथिनाला जोडून द्यावयाची युक्ति शास्त्रज्ञांनीं काढली. प्रथिनाच्या ओळखीनें साखरेचीहि ओळख पटते. अशी पहिली लस २००० सालीं अमेरिकेंत वापरांत आली आणि एक अनपेक्षित लाभ दिसून आला. लस टोंचली मुलांना, आणि रोग कमी झाला आजी-आजोबांचाहि. नातवाच्या नाकांतला भाडेकरूच हुसकला गेल्यावर आजोबांना तो देणार कोण? मात्र लस ठराविक जातींवरच चालते आणि रिकाम्या जागीं दुसऱ्या जाती शिरूं पाहतात. म्हणून लशींतील जातींचा विचार वेळोवेळीं करावा लागतो.

आपल्या देशांत ही लस सार्वजनिक लसीकरणांत २०१७ सालीं हिमाचल प्रदेश आणि उत्तर प्रदेश व बिहार यांतील कांहीं जिल्ह्यांपासून सुरू झाली आणि २०२१ सालीं महाराष्ट्रासह साऱ्या देशांत पोंचली. पुण्याच्या सीरम संस्थेनें दहा जातींची स्वदेशी लस तयार केली. तिला २०१९ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. बाळ दीड महिन्याचें, साडेतीन महिन्यांचें आणि नऊ महिन्यांचें झालें म्हणजे असे तीन डोस सरकारी केंद्रांत विनामूल्य दिले जातात. पहिले दोन दिल्यावर तिसरा 'आतां मूल चांगलें आहे' म्हणून राहून जातो. तो राहूं देऊं नये.

विदर्भांतील कुटुंबांनीं आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. या भागांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग बराच आढळतो. या रोगांत प्लीहा लहानपणींच निकामी होत जाते, आणि कवचधारी जंतु रक्तांतून गाळून काढण्याचें काम मुख्यतः प्लीहाच करते. म्हणून अशा मुलांना न्युमोकोकस फार झपाट्यानें ग्रासतो. अमेरिकेंत १९८६ सालीं असें सिद्ध झालें कीं सिकलसेल असलेल्या लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यास या जंतूचे गंभीर आजार शेंकडा ८४ नीं कमी होतात. ज्या घरांत हा रोग आहे तेथें लस आणि पेनिसिलिन यांविषयीं डॉक्टरांशीं बोलणें हें तांतडीचें काम समजावें, आणि अशा मुलाचा ताप कधींच साधा मानूं नये.

घरांतील वृद्धांचा न्युमोनिया याहून फसवा असतो. त्यांना ताप येईलच असें नाहीं, खोकलाहि बेताचा असतो. आजोबा एकाएकीं असंबद्ध बोलूं लागले, जेवणावरून त्यांचें मन उडालें, चालतांना तोल जाऊं लागला, तर त्याला वयाचा दोष म्हणून सोडून देऊं नये. पासष्टीच्या पुढील माणसें, तसेंच मधुमेह, हृदयविकार किंवा फुप्फुसाचा जुना विकार असलेलीं माणसें यांच्यासाठींहि न्युमोकोकसच्या लशी मिळतात, आणि वर्षाची इन्फ्लुएंझाची लस घेणें म्हणजे या जंतूला वाट करून देणारा वाटाड्याच अडविणें होय.

बाकीचे उपाय जुनेच आहेत आणि ते फुकट आहेत. बाळाला पहिले सहा महिने आईचेंच दूध द्यावें. मुलाजवळ कोणी विडी-सिगारेट ओढूं नये. थंडी कितीहि असली तरी बंद खोलींत शेगडी ठेवूं नये. एखादी खिडकी थोडी उघडी असावी. सर्दी झालेल्यानें तान्ह्याचा मुका घेऊं नये, आणि प्रत्येकाचा रुमाल वेगळा असावा.

न्युमोनियानें २०१९ या एका वर्षांत जगांतील पांच वर्षांखालील सात लाखांवर मुलें गेलीं. त्या वयांतील दर सात मृत्यूंमागें जवळजवळ एक त्याचा होता. या मुलांपैकीं पुष्कळांच्या गांवीं औषध होतें, लस होती, डॉक्टरहि फार दूर नव्हता. त्यांच्या घरीं तो शनिवार आणि तो सोमवार यांच्यामधली रात्र आली आणि ती कोणी मोजली नाहीं. पुढच्या हिवाळ्यांत नागपूरच्या एखाद्या घरीं तशीच रात्र आली, तर आजींनीं संत्र्याला दोष द्यावा, आईनें खिडकीला द्यावा. पण कोणीतरी दिवा लावून, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत, एक मिनिटभर त्या लहानग्या छातीचे श्वास मोजावेत. आंकडा जास्त निघाला तर सोमवारची वाट पाहूं नये.